आवारातली माती



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. गुडघे हे एक कारण आहेच, पण खरं कारण वेगळं. जे मनात घोळत होतं ते लिहावं की नाही, तेच ठरत नव्हतं. आपल्याच मंडळीतला विषय, आपलीच माणसं, आणि त्यातली निम्मी माझ्या हाताखालून शिकून गेलेली. उगाच कोणाला वाटायचं, बाई रिटायर झाल्या तरी छडी काही सोडत नाहीत! पण येत्या रविवारी उपासनेनंतर सभा आहे, आणि सभेत मला दोन मिनिटांच्या वर कोणी बोलू देणार नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

विषय साधा आहे. आमच्या चर्चच्या मागच्या अंगाला पाच गुंठे मोकळी जागा आहे. तिथे पेव्हिंग ब्लॉक टाकायचे, गाड्यांसाठी जागा करायची आणि वर पत्र्याची शेड घालून लग्नकार्याला भाड्याने द्यायची, असा पंचांचा विचार आहे. पैसे देणारा दाताही मिळाला आहे. पुढच्या अंगाला ब्लॉक टाकून झालेच आहेत, आता मागे.

माझं मत याच्या विरोधात आहे. पण ते सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. पुढच्या अंगाला ब्लॉक टाकायचा ठराव आला तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होते.

आमचं गाव तालुक्याचं. जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आपलं जुनं अहमदनगर. पर्जन्यछायेचा प्रदेश. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले आणि पुढे जिल्हाभर पसरले. जिथे गेले तिथे एकाच पद्धतीने वसले: आधी विहीर, मग शाळा, मग देऊळ आणि भोवती मोठं आवार. त्या आवारात कडुनिंब, चिंच, बंगल्यापाशी बोगनवेल. आमच्याकडच्या जुन्या ख्रिस्ती माणसाला 'कंपाउंड' म्हटलं की भिंत आठवत नाही, झाडं आठवतात. याच नगरात रेव्हरंड ना. वा. टिळक राहिले, ज्यांना सगळा महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. कोवळ्या वयातल्या बालकवींना याच टिळकांच्या घराने आपलं मानलं. मी नगरला मराठी घेऊन बी.ए. केलं तेव्हा आमचे सर टिळकांवर बोलताना खिडकीबाहेर बघत आणि तिथलं फुललेलं झाड दाखवत. फुलं आणि मुलं एकाच दमात घेणारा माणूस आपल्या भागातला होता, याचा मला फार अभिमान वाटे. अजूनही वाटतो.

आमच्या चर्चच्या बागेला मात्र कोणी कवी लाभला नाही. तिला आमचे 'हे' लाभले. एस.टी.च्या डेपोत नोकरी, अंगाला कायम ग्रीसचा वास. पण ड्यूटी संपली की खुरपं घेऊन आवारात. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडी खाल्लेली आमची पिढी. त्या वर्षी आवारातली विहीर तळाला गेली आणि एका चिंचेखेरीज हिरवं असं काही उरलं नाही. ह्यांनी त्यानंतर जी बाग धरली ती जवळपास चाळीस वर्षं सोडली नाही. पुढे दाराशी मोगरा, तगर, कण्हेर, दोन रंगांची जास्वंद. मागे लिंबू, शेवगा, कढीपत्ता, अडुळसा, गवती चहा आणि भाजीचे चार वाफे. पाणी कमी, म्हणून प्रत्येक झाडाशी कच्च्या भाजणीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं. मडकं भरायचं, वर झाकण ठेवायचं, पाणी आपोआप झिरपत राहतं. मी वर्गात मुलांना पाझर म्हणजे काय ते शिकवायला त्यातलंच एक मडकं घेऊन जात असे.

२०१४ च्या पावसाळ्यात हे त्याच पुढच्या अंगणात चिखलावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, तीन महिने बिछाना, मग वॉकर. त्यानंतरच्या सभेत ब्लॉकचा ठराव आला, आणि मी रागाने हात वर केला. राग कोणावर होता कोण जाणे. चिखलावर, बागेवर, सत्तरीला आलेल्या माणसाच्या हट्टावर. ठराव एकमताने मंजूर झाला. काम पंधरा दिवसांत आटोपलं. मोगरा, तगर, कण्हेर सगळं एका सकाळी जेसीबीने काढलं. काढताना मी तिथे नव्हते. जायला पाहिजे होतं.

हे वॉकर घेऊन पहिल्यांदा चर्चला आले तो रविवार मला आठवतो. ब्लॉकवरून वॉकर छान चालला, नाकारण्यात अर्थ नाही. दाराशी थांबले, डावीकडे बघितलं आणि विचारलं, "मोगरा कुठं गेला?" कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. ते आत गेले आणि नेहमीच्या बाकावर बसले. २०१९ ला गेले. तोवर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, आणि मी कशाला हात वर केला होता हेही त्यांना कधी सांगितलं नाही. हे पहिल्यांदाच लिहिते आहे. मुलांनो, तुम्हालाही हे इथेच कळतं आहे, रागावू नका.

आता मुद्द्यावर येते.

पंचांच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही. मंडळीत सत्तर-ऐंशी घरं. निम्मी तरुण मुलं पुण्याला नाहीतर एमआयडीसीत. ती नाताळाला, ईस्टरला चारचाकीने येतात आणि गाडी रस्त्यावर लावली की पोलीस हटकतो. शेडचं भाडं आलं तर पाळकसाहेबांचा पगार वेळेवर होईल. आणि बागेचं म्हणाल तर हे गेल्यावर तिच्याकडे कोणी बघितलं नाही, हेही खरं. दोन वर्षं नुसतं गाजरगवत माजलं होतं. मागच्या श्रावणात साप निघाला, तेव्हापासून शब्बाथ शाळेच्या मुलांना मागे जायची बंदी आहे. (साप उंदरांसाठी येतो, आणि उंदीर आपण कार्यक्रमानंतर फेकलेल्या अन्नासाठी येतात, हे मी सांगून पाहिलं. पण साप बघितलेल्या माणसाला कारणं ऐकायची नसतात.)

तरीही माझं म्हणणं आहे की ती माती झाकू नये. कारणं तीन.

पहिलं कारण गणिताचं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. पाच गुंठे म्हणजे साधारण ५०५ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला पाऊस जेमतेम. आपण ५०० मिलिमीटर धरू. म्हणजे त्या पाच गुंठ्यांवर वर्षाला अडीच लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर! सगळं काही मुरत नाही. काही वाहून जातं, काही उडून जातं. निम्मंच मुरतं धरा, तरी बारा टँकर पाणी दर वर्षी आपल्या विहिरीच्या आसपास जमिनीत जातं, तेही फुकट. ब्लॉकच्या सांध्यांतून मुरतं, असं सभेत कोणीतरी म्हणालं. थोडंफार मुरत असेल. पण खाली मुरूम आणि खडी दाबून रोलर फिरवलेला असतो, त्यातून किती जाणार? आणि त्यावर पत्रा घातला म्हणजे प्रश्नच मिटला, सगळं पाणी गटारात. पुढच्या अंगाला ब्लॉक पडल्यापासून मोठ्या पावसात फाटकापाशी तळं साचतं, ते सगळ्यांनी बघितलं आहे. एप्रिलमध्ये टँकरसाठी वर्गणी गोळा करणारे आणि जूनमध्ये पाणी गटारात सोडणारे आपण एकच, हे विसरू नये.

त्यातच मागच्या कडुनिंबाचाही प्रश्न येतो. बुंध्यापर्यंत ब्लॉक टाकले तर मुळांना ना हवा ना पाणी, झाड चार-सहा वर्षांत वाळतं आणि मग ते 'धोकादायक' म्हणून तोडायची परवानगी मागता येते. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं आहे. आपला निंब माझ्यापेक्षा मोठा आहे. कुऱ्हाड लावली तर कायदा आडवा येईल. पण तहानेने मारलं तर कोण येणार?

दुसरं कारण हंगामाच्या सणाचं. आमच्यात हा सण दिवाळीनंतर करतात, बाजरी घरात आली की. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: आपल्या शेतातलं, परसातलं जे असेल ते देवापुढे आणायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. माझ्या लहानपणी वेदीपुढे बाजरीची कणसं, तांबडे भोपळे, शेवग्याच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेला कोंबडा असं सगळं मांडलेलं असे, आणि प्रार्थना ऐन रंगात आली की कोंबडा नेमका आरवे. :) लिलावाची मजा तर विचारू नका. एक लिंबू शंभराला जायचं. घेणारा ते परत दान करायचा, पुन्हा लिलाव, पुन्हा दान. एक भोपळा तीन वेळा विकला गेलेला मी बघितला आहे, आणि शेवटी तो गेला मंडळीतल्या सगळ्यांत गरीब घरी. कोणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी मिळून तो भोपळा तिथे पोचवला होता.

गेल्या वर्षी वेदीपुढे काय होतं? बिस्किटांचे पुडे, सुपरमार्केटातली प्लास्टिकमधली फळं, एक प्रेशर कुकर आणि पाकिटं. लिलावाचे पैसे द्यायला क्यूआर कोड. मी पैशांना नावं ठेवत नाही, पैशांनीच छप्पर गळायचं थांबतं. पण विकत आणलेली वस्तू पुन्हा विकायची, याला हंगाम कसं म्हणायचं? आमच्या मंडळीत आता शेती फार थोड्यांकडे उरली. बाकीचे फ्लॅटमध्ये. परसच नाही तर परसातलं आणणार कुठून? गावात आपल्या सगळ्यांच्या मालकीची पेरता येईल अशी माती फक्त त्या पाच गुंठ्यांत उरली आहे. तीही झाकली की पुढच्या वर्षी सणाचं नाव बदलून टाकावं.

तिसरं कारण सांगायला जरा धीर लागतो, कारण त्यावरून आमच्यात भांडण झालेलं आहे.

मागच्या भिंतीला एक खिंडार आहे. पलीकडे वस्ती. तिथल्या बायका वर्षानुवर्षं त्या खिंडारातून येऊन कढीपत्ता, अडुळसा, शेवग्याचा पाला नेतात. गणपतीत पहाटे जास्वंद आणि दूर्वा न्यायलाही येतात. पुढची जास्वंद गेली, मागची एक राहिली आहे, तिची. यावर एका पंचांनी आक्षेप घेतला की आपल्या आवारातली फुलं दुसऱ्यांच्या पूजेला जातात हे बरोबर नाही, ब्लॉक आणि पक्की भिंत झाली की हे आपोआप बंद होईल. सभेत दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

मी शास्त्र शिकलेली नाही, शब्बाथ शाळेत शिकले तेवढंच. पण लेवीयाच्या पुस्तकात शेतकऱ्याला काय सांगितलं आहे? शेताचा कानाकोपरा कापू नकोस, पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. सरवा नेणाऱ्याला, तू हा कुठे नेणार, कोणत्या देवापुढे ठेवणार, असं विचार म्हणून कुठेही सांगितलेलं नाही. रूथ परकी होती, मवाबातली. बवाजाने तिला हटकलं तर नाहीच, उलट गड्यांना सांगितलं की पेंढीतून मुद्दाम थोडं गळू द्या. आणि आपण भिंत पक्की करायची म्हणतो! कोपऱ्यातलं जे आहे त्यावर आपला हक्क मुळातच पुरता नाही, असा त्या आज्ञेचा अर्थ मी घेते. पाळकसाहेब जास्त जाणतात. मी चुकत असेन तर त्यांनी पुलपिटावरून सांगावं, मी ऐकेन.

आणि त्या खिंडारातून फक्त पाला जात नव्हता, माणसंही येत होती. २०११ ची गोष्ट. एक बाई कढीपत्ता तोडत होती आणि तिची मुलगी निंबाखाली धाकट्या भावाला खेळवत बसली होती. मंगळवार होता, शाळेची वेळ. मी रिटायर झालेली असले तरी सवय जात नाही, विचारलं, "शाळा?" तर कळलं सातवीतून काढली. रोज संध्याकाळी मी पाण्याला जायची, ती यायची. महिनाभर निंबाखाली वाचन घेतलं, मग तिच्या आईला घेऊन शाळेत गेले. ती मुलगी आज नर्स आहे. पुण्याला असते. यात माझी काही मोठी कामगिरी नाही. पाणी घालायला गेलेलं माणूस दहा मिनिटं जास्त थांबतं आणि थांबलं की दिसतं, एवढंच. गाडी लावायला आलेलं माणूस थांबत नाही. रविवारचा एक तास आपण शेजारी शेजारी बसतो, पण एकमेकांचं काही कळतं ते असं आडवारीच.

२०२० आठवा. १२ एप्रिलला ईस्टर होता आणि चर्चला कुलूप. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ईस्टर मी घरी बसून केला. पण ते कुलूप दाराला होतं, बागेला नव्हतं. मागच्या वाफ्यांत तेव्हा थोडी मेथी आणि पालक होता, शेवगा तर भरलेला. पाळकीणबाई आणि मी तोंडाला पदर बांधून जुड्या करायचो आणि भिंतीवर ठेवून लांब उभ्या राहायचो. पलीकडे रोजंदारी बंद पडलेली घरं होती. उपासना झाली नाही त्या दिवसांत मंडळीने मंडळी म्हणून केलेलं काम ते तेवढंच.

नुसता विरोध करून उपयोग नाही, हे शाळेत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला कळतं. तर माझी सूचना अशी. फाटकापासून दारापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत चार फुटांची पक्की, घसरट नसलेली वाट ठेवा, उताराला कठडा लावा. म्हातारी माणसं पडता कामा नयेत. हे मला कोणी शिकवायला नको. गाड्या आणि लग्नाचा मांडव पुढच्या अंगाला, तिथे ब्लॉक आहेतच. मागची पाच गुंठे माती तशीच राहू द्या. निंबाखाली दोन बाक. बाकीच्याचे वाफे पाडा आणि एकेक वाफा तीन-चार घरांत मिळून द्या, म्हणजे कोणी गावाला गेलं तर दुसरा पाणी घालेल. एका माणसावर बाग सोडली की ती त्या माणसाबरोबर जाते, ही चूक आपण एकदा केली आहे. हात धुण्याचं पाणी चर काढून केळी-अळवाला. पालापाचोळ्याला खड्डा, म्हणजे जाळणं बंद आणि खत घरचं. एक वाफा शब्बाथ शाळेच्या मुलांचा, तेवढा माझ्याकडे द्या. खाली बसता येत नाही, पण खुर्चीवर बसून ओरडता येतं.

आणि भिंतीचं खिंडार बुजवायचंच असेल तर तिथे एक लहान फाटक लावा. कडी आतून नको.

सभेत काय होईल ते माहीत नाही. दाता मोठा आहे, पाटीवर त्याचं नाव लागणार आहे, आणि मातीच्या वाफ्याला पाटी लावता येत नाही. कदाचित ठराव मंजूर होईल. तसं झालं तर मी रागावून घरी बसणार नाही, त्याच ब्लॉकवरून चालत उपासनेला जाईन. पण या वेळी हात खाली ठेवीन, आणि का ठेवला ते उठून सांगेन. मोगऱ्याचंही सांगेन.

पुण्याच्या भाच्याला निरोप: त्या वर्षी तू कलम करून नेलेला मोगरा तुझ्या गॅलरीत अजून आहे ना? पावसाळा लागला की त्याच्या दोन फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव. ठराव काहीही होवो, एका कुंडीपुरती जागा दाराशी कोणी नाही म्हणणार नाही.

बाकी मंडळी, तुमच्या गावच्या देवळाच्या, चर्चच्या, मशिदीच्या आवारात माती उरली आहे का? जाऊन बघा आणि मला कळवा.